चारशे किलोमीटर आणि अख्खा दिवस

अक्रा ते लागोस किती लांब? संगणकाला विचारलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं : सुमारे ४०० किलोमीटर, विमानाने एक तास. मुंबई-गोवा हवाई अंतर साधारण एवढंच. एक घानाची राजधानी, दुसरं नायजेरियातलं सर्वांत मोठं शहर. दोन्ही गिनीच्या आखाताकाठी. मधे टोगो आणि बेनिन हे दोन चिंचोळे देश, तेही समुद्राला टेकलेले. वरून पाहिलं तर एकच सलग किनारा.

उत्तर बरोबर आहे. माझी तक्रार वेगळी आहे : या उत्तरावर सगळे समाधानी आहेत. दोन शेजारी शहरांमधला प्रवास प्रत्यक्षात किती वेळ खातो, तो वेळ कुणी वाढवला आणि तो कुणाच्या खिशातून वसूल होतो, हे तीन प्रश्न त्या उत्तराच्या पोटात दडून राहतात. पश्चिम आफ्रिकेत तर ते पन्नास वर्षं दडून राहिले आहेत. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

*

आधी तो एक तास येतो कुठून ते पाहू. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन विमानतळांमधली सर्वांत जवळची रेषा काढायची, ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने तिला भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा. चारशे किलोमीटरला हे गणित एका तासावर येऊन थांबतं, आणि विमान कंपन्यांची वेळापत्रकंही जवळपास तेच सांगतात. इतक्या कमी अंतरात विमान वर जाऊन स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायला लागतं. त्यामुळे अंतर निम्म्याहून कमी झालं तरी वेळ त्या मानाने घटत नाही. अक्रा ते टोगोची राजधानी लोमे हे हवाई अंतर १७० किलोमीटरच्या आसपास आहे, तरी पाऊण तास धरावाच लागतो. आखूड पल्ल्याचं विमान मुळातच महाग पडतं, कारण सर्वांत जास्त इंधन जळतं ते चढताना, आणि इथे प्रवासाचा मोठा भाग चढण्यातच जातो. ही यंत्राची आणि निसर्गाची अट. तिच्याशी माझं भांडण नाही.

लागोसचं घड्याळ अक्राच्या एक तास पुढे असतं. सकाळी दहाला लागोसहून उडालेला माणूस अक्रात उतरतो तेव्हा तिथेही दहाच वाजलेले असतात. परतीच्या वाटेवर त्याच उड्डाणाचे घड्याळात दोन तास होतात. जमिनीवरून जाणाऱ्याला ही रेघ टोगो-बेनिनच्या सीमेवर ओलांडावी लागते. फाटकाच्या एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला बारा.

आता माणूस घराबाहेर पडतो तिथपासून मोजू. लागोसचा विमानतळ उत्तरेला इकेजात, आणि बँका-कचेऱ्यांचा मोठा व्यवहार दक्षिणेच्या बेटांवर. मधे खाजणावरून जाणारा थर्ड मेनलँड ब्रिज, जवळपास बारा किलोमीटर लांबीचा, १९९० साली पुरा झालेला. पहाटे तीनला हा रस्ता झटकन संपतो. दिवसा तिथे ‘गो-स्लो’ असतो. लागोसकर वाहतूक कोंडीला हेच म्हणतात, आणि विमान गाठायचं असेल तर दोन-तीन तास हाताशी धरून निघतात. उड्डाण आंतरराष्ट्रीय, म्हणून विमानतळावर आणखी दोन-तीन तास आधी हजर व्हायचं. पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवायचं, पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, पलीकडे उतरून पुन्हा रांगेत उभं राहायचं. विमानाला उशीर झाला नाही असं धरून चाललं तरी सहा-सात तास गेले. त्यातला एक तास विमान कंपनीच्या खात्यावर. उरलेल्या तासांचा धनी कोण, हे कुठल्याच वेळापत्रकात छापलेलं नसतं.

लागोसला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यावर एक जास्तीचं ओझं असतं. घाना आणि नायजेरियाचे नागरिक एकमेकांकडे व्हिसाशिवाय जाऊ शकतात. भारतीय पासपोर्टवाल्याला अक्राचा व्हिसा आधी काढावा लागतो. पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांना कायद्याने दार उघडं आहे आणि तरीही जे दारात अडतात, त्यांच्यासाठी आहे.

*

विमानाचं तिकीट बहुतेकांच्या आवाक्यात नाही. ती माणसं बसने, मिनीबसने किंवा चार जणांत वाटून घेतलेल्या टॅक्सीने जातात. रस्ता पाचशे किलोमीटरच्या आतला, बहुतेक समुद्राला धरून. मध्येच माडांच्या रांगा, मध्येच खाजणं. पहाटे निघालेली बस संध्याकाळी पोचते, पुष्कळदा रात्री.

तीन सीमा, चार देश. प्रत्येक सीमेला अलीकडची खिडकी आणि पलीकडची खिडकी, म्हणजे सहा खिडक्या. घानात इंग्रजी आणि सेडी, टोगो-बेनिनमध्ये फ्रेंच आणि सीएफए फ्रँक, नायजेरियात पुन्हा इंग्रजी आणि नायरा. पाचशे किलोमीटरच्या आत तीन चलनं.

पहिलं फाटक आफ्लाओचं. लोमे ही जगातल्या अगदी थोड्या राजधान्यांपैकी एक, जिची वेस थेट परदेशाला भिडलेली आहे. फाटकाच्या इकडे घानातलं गाव, तिकडे टोगोच्या राजधानीचा मोहल्ला. दोन्हीकडे एवे लोक राहतात, एकच भाषा बोलतात, एकमेकांच्या लग्नाला आणि मयताला जातात. सीमा त्यांनी आखलेली नाही. टोगोलँड जर्मनांची वसाहत होती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि फ्रान्सने ती वाटून घेतली. ब्रिटिशांच्या वाट्याला आलेल्या भागाने १९५६ मध्ये सार्वमताने गोल्ड कोस्टमध्ये जायचं ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी गोल्ड कोस्टचा घाना झाला. बेनिन-नायजेरियाच्या सीमेवरही तेच : योरुबा लोक दोन्ही बाजूंना. तिथल्या माणसाला ‘तुम्ही परदेशी चाललात’ असं सांगणारा फक्त गणवेशातला माणूस असतो.

कायदा काय म्हणतो? पश्चिम आफ्रिकेच्या देशांची आर्थिक संघटना, इकोवास, १९७५ साली लागोसलाच स्थापन झाली. १९७९ साली तिने मुक्त संचाराचा करार केला : सदस्य देशाच्या नागरिकाने योग्य प्रवासी कागद दाखवावा आणि ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहावं. युरोपात शेंगेनचा करार झाला १९८५ साली. म्हणजे माणसांना मोकळं फिरू देण्याची भाषा पश्चिम आफ्रिकेने आधी केली होती. ‘आफ्रिकेत हे असंच चालायचं’ असं आपल्याकडे सहज बोललं जातं. ते बोलणाऱ्यांनी ही दोन सालं शेजारी-शेजारी लिहून पाहावीत.

कमतरता कल्पनेची नव्हतीच. कमतरता फाटकावर आहे. कागद चोख असला तरी शिक्का मारण्याआधी हात पुढे येतो. बेनिन-नायजेरियामधली सेमेची सीमा ओलांडून लागोस शहराकडे निघालं की शंभराच्या आतल्या किलोमीटरांत पोलीस, जकात, इमिग्रेशन असे एकामागून एक अडसर लागतात. अनेकदा बसवालाच ‘बॉर्डरचे’ म्हणून प्रवाशांकडून पैसे आधी गोळा करतो, म्हणजे मग प्रत्येक चौकीवर गाडी रिकामी करावी लागत नाही. कुठल्याही कायद्यात नसलेला हा कर भरतो कोण? ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे तो.

किंवा ती. या किनाऱ्यावरचा किरकोळ व्यापार मोठ्या प्रमाणावर बायकांच्या हातात आहे. अक्राचं माकोला, लोमेचं आसिगामे, बेनिनमधल्या कोटोनूचं दांतोक्पा, लागोसचं बालोगुन : हे चार बाजार एका माळेत ओवलेले आहेत, आणि दोरा म्हणजे या बायकांच्या फेऱ्या. लोमेच्या कापडवाल्यांची कहाणी तर पश्चिम आफ्रिकेत सर्वतोमुखी आहे. डच मेणछापाचं रंगीत कापड विकून त्या इतक्या श्रीमंत झाल्या की मर्सिडीज-बेंझ गाड्यांतून फिरू लागल्या. लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणत. सत्तरच्या दशकात त्यांच्या गाड्या सरकारी पाहुण्यांसाठी मागवल्या जात. १९९४ साली सीएफए फ्रँकचं निम्म्याने अवमूल्यन झालं, मागोमाग स्वस्त चिनी छापाचं कापड आलं, आणि त्यांचं वैभव ओसरलं. व्यापार मात्र संपला नाही. आज त्याच वाटेवर डोक्यावर गाठोडं घेतलेली, नाव नसलेली हजारो माणसं चालतात. फाटकावर गेलेला प्रत्येक तास त्यांच्या नफ्यातून वजा होतो. नाशवंत माल असेल तर मुदलातून.

*

सेमेची गोष्ट मात्र तारखांसकट सांगायला हवी.

बेनिन-नायजेरिया सीमेवर सेमे-क्राके इथे युरोपीय संघाच्या पैशातून एक संयुक्त तपासणी केंद्र बांधलं गेलं. कल्पना उत्तम : दोन्ही देशांचे अधिकारी एका छपराखाली, दोन थांब्यांऐवजी एकच. ऑक्टोबर २०१८ मध्ये नायजेरियाचे अध्यक्ष मुहम्मदू बुहारी आणि बेनिनचे अध्यक्ष पात्रिस तालों यांनी त्याचं उद्घाटन केलं. जुलै २०१९ मध्ये बुहारींनी नायजरची राजधानी निआमे इथे आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापार करारावर सही केली. ऑगस्ट २०१९ मध्ये नायजेरियाने आपल्या जमिनीवरच्या सीमा बंद केल्या.

सही आणि टाळं यांच्यात दोन महिनेसुद्धा धड गेले नाहीत.

कारण दिलं गेलं तांदळाच्या तस्करीचं. कारण खोटं नव्हतं. बेनिनच्या बंदरात उतरलेला परदेशी तांदूळ चोरवाटेने नायजेरियात जात होता आणि तिथल्या भात पिकवणाऱ्यांना तो जड जात होता, हे मान्य करायलाच हवं. पण तस्कराला चोरवाट माहीत असते. फाटक बंद झालं की अडतो तो फाटकाने जाणारा. घानातून माल भरून निघालेले ट्रक सेमेला दिवसचे दिवस उभे राहिले. डिसेंबर २०२० मध्ये सेमेचं दार पुन्हा उघडलं. तोपर्यंत सोळा महिने गेले होते. त्या सोळा महिन्यांत अक्रा-लागोस हवाई अंतर मात्र चारशे किलोमीटरच होतं. विमानं बंद सीमेच्या वरून उडत होती. पहिल्या महिन्यांत तरी. मग महासाथ आली आणि काही काळ तीही थांबली.

या दोन शहरांमधल्या माणसांनी याहून वाईट दिवस पाहिले आहेत. १९६९ मध्ये घानाने कागद नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायला सांगितलं, त्यांत नायजेरियन खूप होते. जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाने तेच केलं, आणि दहा लाखांहून अधिक माणसं, बहुतेक घानाची, परतीच्या रस्त्याला लागली. पण घानाने टोगोकडची सीमा आधीपासूनच बंद ठेवलेली होती. त्यामुळे घरी निघालेली माणसं बेनिनमध्ये आणि टोगोत अडकून पडली, ट्रकमध्ये, बंदरात, उघड्यावर. शेवटी दार उघडलं. त्यांनी ज्यांत संसार भरला त्या चौकडीच्या स्वस्त पिशव्यांना नायजेरियात आजही ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. एका तासाच्या अंतरावर घर असताना माणसं दिवसचे दिवस रस्त्यावर होती. हे अंतर कुठल्या गणकात बसवायचं?

*

आता आकाश. इथे तर फाटक नाही, चौकी नाही. मग अडतं कुठे?

१९४६ साली ब्रिटिशांच्या चार वसाहतींनी, म्हणजे नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गॅम्बिया यांनी मिळून एक विमान कंपनी चालू केली होती : वेस्ट आफ्रिकन एअरवेज कॉर्पोरेशन. घाना स्वतंत्र झाला आणि १९५८ मध्ये त्याने स्वतःची घाना एअरवेज काढली. नायजेरियानेही स्वतःची काढली. घानाचा नेता क्वामे एन्क्रुमा हा आफ्रिकेच्या एकीचा सर्वांत मोठा आवाज. त्याच्याच काळात सामायिक कंपनी मोडली गेली, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. नव्या राष्ट्राला शेपटीवर स्वतःचा झेंडा असलेलं विमान हवं होतं, हे समजू शकतं. पण त्या झेंड्यांची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

फ्रेंच बोलणाऱ्या देशांनी उलट वाट धरली. अकरा देशांनी १९६१ मध्ये एकत्र येऊन एअर आफ्रिक काढली, मुख्यालय आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानला. चाळीस वर्षं ती चालली. मग कर्ज, उधळपट्टी, सरकारांनी न चुकवलेली बिलं, आणि २००२ मध्ये अवसायन. पाठोपाठ २००३ मध्ये नायजेरिया एअरवेज, २००४ मध्ये घाना एअरवेज. तीन वर्षांत तीन मोठ्या कंपन्या आडव्या झाल्या. एकत्र चालवलेली बुडाली, वेगवेगळ्या चालवलेल्याही बुडाल्या. तेव्हा दोष एकीचा की वेगळेपणाचा, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोष विमान कंपनीला सरकारी गाडीसारखं वापरण्याचा होता.

मधल्या काळात एक कागद मात्र तयार झाला, आणि तो चांगला कागद होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये आयव्हरी कोस्टच्या यामुसुक्रो शहरात आफ्रिकी देशांनी ठरवलं की एकमेकांच्या विमान कंपन्यांना आकाश मोकळं करायचं. अवघड शब्द बाजूला ठेवले तर मुद्दा सोपा आहे : टोगोच्या कंपनीला अक्रात माणसं चढवून लागोसला उतरवता आली पाहिजेत, आणि त्यासाठी दर वेळी दोन सरकारांच्या दारात उभं राहायला लागू नये. जानेवारी २०१८ मध्ये आफ्रिकी संघाने तोच ठराव ‘एकसंध आफ्रिकी हवाई बाजारपेठ’ म्हणून पुन्हा मांडला. अठरा वर्षांनी तीच गोष्ट नव्याने जाहीर करावी लागते, याचा अर्थ मधली अठरा वर्षं ती झाली नव्हती.

आणि या मोकळ्या न झालेल्या आकाशात काय घडलं? एमिरेट्सचं दुबईहून येणारं विमान अक्राला उतरतं आणि तिथून पुढे अबिजानला जातं. शेजारच्या दोन शहरांना जोडायला दुबईचं विमान. त्यात एमिरेट्सची काही चूक नाही, त्यांनी परवानगी मागितली आणि मिळाली. माझा प्रश्न परवानगी देणाऱ्यांना आहे. सात समुद्रांपलीकडच्याला जे हक्क चटकन मिळतात ते शेजाऱ्याला द्यायला इतकी वर्षं का लागतात?

एक नाव कौतुकाने घ्यायला हवं. लोमेची आस्काय. २०१० च्या जानेवारीत सुरू झालेली, इथिओपियन एअरलाइन्सच्या भागीदारीने उभी राहिलेली. तिच्यामागे उभ्या असलेल्यांपैकी एक होते टोगोचे जेर्वे जोन्दो, ज्यांनी आधी लोमेतच इकोबँक ही अनेक देशांत पसरलेली बँक उभारण्यात पुढाकार घेतला होता. छोट्या देशातून पूर्ण प्रदेशाकडे पाहणारा माणूस. आस्कायने लोमेला खिळ्यासारखं वापरून पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या राजधान्या भोवती विणल्या. आज दोन राजधान्यांमध्ये थेट विमान नसेल तर लोमेवरून जायची सोय होते. नाहीतर वाट कासाब्लांकावरून, नाहीतर आदिस अबाबावरून, एकेकाळी तर पॅरिसवरून. शेजारच्या घरी जायला खंड ओलांडून परत यायचं, ही वेळ या प्रदेशातल्या असंख्य माणसांवर आलेली आहे.

तिकीट महाग का, याची उत्तरंही इथेच सापडतात. प्रवासी सेवा शुल्क, सुरक्षा शुल्क, आणखी चार नावांची शुल्कं, आणि ही सगळी माणशी आकारली जातात, किलोमीटरमागे नाही. लांबच्या तिकिटात ती झाकली जातात. चारशे किलोमीटरच्या तिकिटात ती भाड्याच्या उरावर बसतात. म्हणजे सर्वांत जवळ जाणाऱ्याला सर्वांत जास्त टोचणारा कर. प्रवासी थोडे म्हणून विमानं छोटी, विमानं छोटी म्हणून माणशी खर्च जास्त, खर्च जास्त म्हणून प्रवासी थोडे. त्यात नायजेरियाने परकीय चलनाच्या टंचाईपायी विमान कंपन्यांचे डॉलर अडकवून ठेवले. २०२३ मध्ये ही रक्कम ८० कोटी डॉलरांच्या पुढे गेली होती. त्याच कारणाने एमिरेट्सने २०२२ मध्ये नायजेरियाची उड्डाणं थांबवली होती आणि ती २०२४ मध्येच पुन्हा सुरू झाली. तिकीट विकून मिळालेले पैसे घरी नेता येत नसतील तर कुठली कंपनी भाडं कमी करेल?

*

राजकारण बिघडलं की आकाशही बंद होतं. जानेवारी २०२२ मध्ये मालीतल्या लष्करी राजवटीला धडा शिकवायला इकोवासने त्या देशाशी असलेल्या जमिनीवरच्या आणि हवाई सीमा बंद केल्या. जुलैपर्यंत मालीची राजधानी बामाकोचा रहिवासी शेजारच्या सेनेगलमधल्या डकारला थेट विमानाने जाऊ शकत नव्हता. २०२३ च्या जुलैत नायजरमध्ये सत्तापालट झाला, पुन्हा निर्बंध, आणि ऑगस्टमध्ये नायजरने स्वतःचं आकाश मिटून घेतलं. युरोपातून खाली येणारी विमानं वळसे घालू लागली. शिक्षा सेनापतींना द्यायची होती. रांगेत उभे राहिले विद्यार्थी, रुग्ण आणि व्यापारी. २९ जानेवारी २०२५ रोजी माली, बुर्किना फासो आणि नायजर इकोवासमधून अधिकृतपणे बाहेर पडले. त्या तीन देशांतल्या माणसांना मोकळं येऊ-जाऊ द्यायचं असं उरलेल्या देशांनी तूर्त ठरवलं आहे. ‘तूर्त’ या शब्दावर कुणी घर बांधू नये.

*

आणि रेल्वे? या किनाऱ्याच्या रेल्वेचा नकाशा एकदा पाहाच. लागोसहून कानोकडे, कोटोनूहून पाराकूकडे, लोमेहून ब्लिताकडे, सेकोंदीहून कुमासीकडे, अबिजानहून वागादुगूकडे. सगळे रूळ बंदरातून सरळ आत जातात. किनाऱ्याला धरून एका देशातून दुसऱ्या देशात जाणारा एकही नाही. इंग्रजांच्या रुळांची रुंदी १०६७ मिलिमीटर, फ्रेंचांची १००० मिलिमीटर, म्हणजे जोडायचे म्हटले तरी जुळायचे नाहीत. ही रेल्वे कोको, भुईमूग आणि खनिज बोटीत चढवायला बांधली होती. माणसांनी शेजारच्या गावाला जावं हा तिचा हेतूच नव्हता.

तोंड समुद्राकडे वळवून ठेवल्याचा परिणाम आजही दिसतो, आणि त्याचं एक टोक आपल्यापर्यंत येतं. आयव्हरी कोस्टमधला कच्चा काजू बोटीने भारतात येतो, कोकण-गोव्यातल्या कारखान्यांत फोडला जातो. वाळूजला बनलेल्या बजाजच्या तीनचाकी समुद्र ओलांडून लागोसच्या गल्ल्यांत ‘केके’ म्हणून धावतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लागोसचे लष्करी प्रशासक मोहम्मद बुबा मारवा यांनी त्या रस्त्यावर आणल्या, म्हणून त्यांना ‘केके मारवा’ही म्हणतात. तिकडचा काजू आणि आपली रिक्षा यांना रस्ता सापडतो, याचा मला आनंदच आहे. पण लोमेच्या कापडवालीला लागोसच्या बाजारात जाताना वाटेतल्या फाटकात दिवस घालवावा लागतो, हे मनात सलत राहतं.

*

बदलाची चिन्हं आहेत. २०१४ च्या मार्चमध्ये पाच देशांच्या अध्यक्षांनी अबिजान-लागोस महामार्गाच्या करारावर सह्या केल्या : १,०२८ किलोमीटर, सहापदरी, अबिजान, अक्रा, लोमे, कोटोनू आणि लागोस एका रेषेत. आफ्रिकी विकास बँक पाठीशी आहे. इकोवासने डिसेंबर २०२४ मध्ये अबुजाला ठरवलं की विमान तिकिटावरचे कर काढायचे आणि प्रवासी व सुरक्षा शुल्क २५ टक्क्यांनी उतरवायचं, १ जानेवारी २०२६ पासून. निर्णय योग्य आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण १९७९ आणि १९९९ च्या अनुभवानंतर कुणी नुसत्या निर्णयावर टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटत नाही. मोजमाप मागायला हवं. प्रत्येक तिकिटावर भाडं वेगळं आणि सरकारी आकार वेगळा, मोठ्या अक्षरांत छापलेला हवा, म्हणजे उतरलेले पंचवीस टक्के प्रवाशापर्यंत आले की मधे कुठे विरले ते त्याला स्वतःला दिसेल. आणि रस्त्यावर? अबिजान ते लागोस चार सीमा आहेत, म्हणजे आठ खिडक्या. तिथे बस किती वेळ उभी राहते हे मोजायला घड्याळ आणि वही पुरते. इकोवासने दर महिन्याला त्या आठ खिडक्यांचे आकडे जाहीर करावेत : सरासरी थांबा किती, सर्वांत जास्त किती, फाटकापुढच्या रस्त्यावर चौक्या किती. घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या मंत्र्यांनी त्यावर आपल्या नावाने सही करावी. सुरुवात सेमेपासून करावी.